रेघ कोणाची? बालवयातील चित्रशिक्षणाविषयी काही विचार

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेच्या तासाची जागा पाहिली, की समाजाने या विषयाची काय किंमत ठरविली आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. हा तास बहुधा दुपारनंतरचा असतो. गणिताचा पाठ मागे राहिला तर तो गणिताला दिला जातो, स्नेहसंमेलन जवळ आले तर तालमीला. पालक त्याबद्दल तक्रार करीत नाहीत. खंत वाटते ती वर्गातल्या मुलांना, आणि त्यांचे मत कोणी विचारीत नाही.

या अनास्थेला कायद्याचाही थोडा हातभार आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या १०० च्या वर असल्यास, कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक असावा असे म्हटले आहे. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूद नाही. बालवाडी तर त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच आहे. ज्या वयात मूल हाताला लागेल त्या वस्तूने, मिळेल त्या पृष्ठभागावर, कोणी न सांगता चित्र काढते, नेमके ते वय कलाशिक्षणाच्या हिशेबात धरलेले नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षणाचा आग्रह धरला आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला इतर विषयांत मिसळून शिकविण्याचा पुरस्कार केला, हे खरे. परंतु धोरण कागदावर पालटले म्हणून वर्गातला फळा पालटतो असे नाही.

चित्रकलेची बाजू घेणारेही पुष्कळदा ती चुकीच्या पायावर उभी करतात, हे आम्हांला अधिक चिंतेचे वाटते. चित्र काढल्याने अक्षर सुधारते, एकाग्रता वाढते, गणितात गुण अधिक पडतात, पुढे जाहिरात वा चित्रपट व्यवसायात नोकरी मिळते, अशी कारणे पालकसभेत सांगितली जातात. यांतले एखादे कारण एखाद्या मुलाच्या बाबतीत खरे ठरेलही. पण कलाशिक्षणाने इतर विषयांतील यश वाढते काय, या प्रश्नावर हार्वर्ड विद्यापीठातील एलन विनर आणि लोइस हेटलँड या संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांची छाननी करून २००० साली जो निष्कर्ष काढला, तो अशा प्रचारकांना निराश करणारा होता. चित्रकलेमुळे वाचन वा गणित सुधारते असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्यांना आढळला नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो आम्हांला मोलाचा वाटतो : चित्रकलेच्या वर्गात प्रत्यक्ष काय शिकले जाते? मोठ्या विद्यार्थ्यांचे वर्ग पाहून २००७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह दिलेले उत्तर असे, की तेथे निरीक्षण, कल्पनेत पाहणे, चिकाटी, स्वतःच्या कामाकडे पुन्हा वळून पाहणे अशा मनाच्या सवयी लागतात. चित्रकलेला गणिताची दासी ठरवून तिची किंमत वाढवू गेल्यास, गणित शिकविण्याचा सोपा मार्ग सापडताच ती पुन्हा घराबाहेर काढली जाईल. तिचे मोल तिच्यातच दाखविता आले पाहिजे.

मूल काय काढते?

इटलीतील कलाभ्यासक कोर्रादो रिच्ची हे पावसातून आडोसा शोधत बोलोन्या शहरातील एका कमानीखाली थांबले असता, भिंतीवर मुलांनी खरडलेल्या चित्रांकडे त्यांचे लक्ष गेले. त्यातून १८८७ साली बालकांच्या कलेवरील त्यांचे छोटेसे पुस्तक निघाले. या विषयावरील पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. तोवर मोठ्यांच्या दृष्टीने ती चित्रे म्हणजे भिंत घाण करणे होते. आजही कित्येक घरांत ती तेवढीच असतात.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत अभ्यासकांनी मुलांच्या रेघोट्यांमागची वाट पुष्कळशी उलगडली. दीड-दोन वर्षांचे मूल प्रथम हाताच्या झोक्याचा आनंद घेत गिरगटते. मग फिरत्या रेघेचे टोक कधीतरी आरंभाला येऊन मिळते आणि वर्तुळ तयार होते. त्या वर्तुळाला दोन ठिपके आणि खाली दोन काठ्या लागल्या, की 'ही आई' असे ते जाहीर करते. आईला धड नाही, हात डोक्यातून फुटले आहेत, याची त्याला फिकीर नसते. पाच-सहा वर्षांच्या सुमारास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते आणि घर, झाड, माणसे तिच्यावर ओळीने उभी राहतात.

फ्रेंच अभ्यासक लुके यांनी १९२७ साली या चित्रांविषयी एक मर्म सांगितले : मूल डोळ्यांना दिसते ते काढीत नाही, त्याला ठाऊक असते ते काढते. जेवणाच्या पाटाभोवती घरची माणसे बसली असतील तर ताट वरून पाहिल्यासारखे गोल येते आणि माणसे मात्र चारी दिशांना आडवी पडलेली दिसतात, कारण ताट गोल आहे आणि माणसे चहूबाजूंनी बसली आहेत या दोन्ही गोष्टी मुलाला सांगायच्या असतात. घराची भिंत असूनही आतली चूल दिसते, कारण चूल आत आहे हे त्याला पक्के माहीत आहे. चित्रातली आजी घरापेक्षा उंच असेल तर ती त्याच्या जगात तेवढी उंच आहे. मोठ्यांना ज्या चुका वाटतात त्या या वयातील विधाने होत. चार वर्षांच्या मुलाचा हात धरून 'असं नाही, असं काढ' म्हणणारी व्यक्ती त्याचे चित्र सुधारीत नाही, त्याचे बोलणे मध्येच तोडते.

तीन वाटा

मोठ्यांनी यात काय करावे, याची तीन उत्तरे गेल्या पावणेदोनशे वर्षांत दिली गेली आहेत. त्यांतील प्रत्येकाची परीक्षा केल्याखेरीज आपल्या शाळांविषयी काही ठाम बोलता येणार नाही.

पहिली वाट अनुकरणाची. आपल्याकडे ती इंग्लंडमधून आली. कारखान्यांना नक्षी काढणारे कारागीर हवेत या गरजेतून लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे जी शिक्षणपद्धती उभी राहिली, तिने चित्रकलेचे तेवीस टप्पे पाडले होते. आरंभी छापील रेखाकृतींवरून हुबेहूब नक्कल, मग वस्तू, मग पुतळे. १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा निघाली ती याच वातावरणात, आणि शाळांमधून पसरलेल्या चित्रशिक्षणावर त्याच वळणाचा ठसा उमटला. शासकीय रेखाकला परीक्षांतील वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती ही विषयांची नावे वाचली तरी ते वळण ओळखू येते.

या परीक्षांना केवळ नावे ठेवणे अन्यायाचे होईल. खेड्यापाड्यांतील कित्येक मुलांना आपल्याजवळ काही आहे याची पहिली ओळख एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या निकालाने पटविली आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तांब्याचा उजेड-सावलीतला गोलावा समजून घ्यावासा वाटतो आणि त्याने तो शिकावाच. दोष आहे तो या परीक्षेची सावली बालवाडीपर्यंत पडते त्यात. चार वर्षांच्या मुलापुढे छापील बाह्यरेषेचा पोपट येतो. त्याने रेषेबाहेर न जाता हिरवा रंग भरायचा. पहिलीत 'सीनरी' येते : दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठावर झोपडी आणि एक नारळ. वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचे मूल रोज संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडताना पाहते. त्याच्या वाडीत विहीर आहे, केळीचे लोंगर आहेत, ओटीवर सुकत घातलेली मासळी आहे. त्याच्या वहीतला सूर्य मात्र वर्षानुवर्षे त्याच दोन डोंगरांमधून उगवतो. ते डोंगर त्याने कधी पाहिलेले नाहीत. ते त्याच्या शिक्षकांनी आपल्या शिक्षकांच्या फळ्यावरून उतरवून घेतलेले आहेत.

वारली चित्रांचे आपण काय केले तेही पाहण्याजोगे आहे. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिणाऱ्या सवाशिणींची ती कला. १९७० नंतरच्या काळात जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्या हातून ती कागदावर आली आणि जगभर गेली. मशे यांचे मासेमारीचे जाळे किंवा मुंग्यांची रांग पाहिली, की हा माणूस किती वेळ पाहत बसला असेल याचीच जाणीव प्रथम होते. शाळेत मात्र त्या कलेचे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवण्याची एक युक्ती झाली. पाहणे गळून गेले आणि साचा उरला.

दुसरी वाट स्वातंत्र्याची. व्हिएन्नातील फ्रान्झ चिझेक या शिक्षकांनी १८९७ साली मुलांसाठी एक वर्ग उघडला आणि मुलांची कला ही अपुरी मोठ्यांची कला नसून तिचे नियम तिच्यापाशी आहेत, ही भूमिका घेतली. त्या काळी हे मोठे धाडस होते. इंग्लंडमधील समीक्षक हर्बर्ट रीड यांनी १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, कला हाच शिक्षणाचा पाया असावा असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला; त्यांचा विचार याच वाटेने पुढे गेलेला आहे. मुलाला मान देणारी ही भूमिका आम्हांला मनापासून जवळची वाटते.

तरीही तिच्यात एक खाच आहे. 'मुलाला मोकळे सोडा' म्हणताना, ते आधीच मोकळे नाही याचा विसर पडतो. दूरदर्शनवरील व्यंगचित्रे, दप्तरावरची छापील चित्रे, शेजारच्या मुलाची 'सीनरी' हे सारे त्याच्या हातात शिरलेले असते. त्याला कोरा कागद देऊन शिक्षक बाजूला झाले, तर त्या कागदावर बहुधा हे साचेच उतरतात. खुद्द चिझेक यांच्या वर्गातील चित्रे एकमेकांसारखी आणि एकाच शैलीची दिसतात, असा आक्षेप पुढे घेतला गेला तो निराधार नव्हता. दुसऱ्या टोकाला मारिया माँटेसरी यांना तथाकथित मुक्त चित्रकलेविषयी विश्वास नव्हता. हात आणि डोळे आधी तयार करावेत, चित्र मागून येईल, असे त्यांचे मत होते. त्यांच्या शंकेत तथ्य होते. परंतु मुलाला आज सांगायचे असते ते हाताच्या तयारीची वाट पाहत थांबत नाही.

तिसरी वाट

तिसऱ्या वाटेचे उदाहरण आम्ही मुद्दाम अशा ठिकाणचे घेत आहोत, की जेथे चित्रकलेचा कोणताही व्यावहारिक लाभ संभवत नव्हता. नाझी राजवटीत चेक भूमीतील तेरेझीन या तटबंदीच्या गावाचे ज्यूंसाठी बंदीनगर करण्यात आले. चिझेक यांच्या वर्गात काही काळ शिकलेल्या आणि पुढे वायमार येथील बाउहाउस या प्रख्यात कलाशाळेच्या विद्यार्थिनी असलेल्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांना डिसेंबर १९४२ मध्ये तेथे पाठविण्यात आले. बरोबर नेता येणारे सामान मोजके होते. त्यात त्यांनी चित्रकलेचे साहित्य नेले. पुढे सुमारे पावणेदोन वर्षे त्या तेथील मुलांना, विशेषतः मुलींच्या वसतिगृहात, चित्रकला शिकवीत राहिल्या. कागद म्हणजे कचेरीतील वापरलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजू आणि रद्दी.

फ्रीडलबाईंच्या वर्गात नक्कल करून घेतली जात नव्हती आणि मुलांना वाऱ्यावरही सोडले जात नव्हते. हात आणि श्वास यांची लय सापडावी म्हणून रेषेचे लहानसे व्यायाम असत. समोरचे फूल, भांडे नीट पाहायला त्या सांगत. टाकाऊ कागदांचे कपटे चिकटवून चित्रे करून घेत. मोठ्या चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती दाखवून त्यांतील रचना मुलांना आपल्या हाताने शोधायला लावीत. प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचे नाव घालावे यावर त्यांचा कटाक्ष होता. जेथे माणसाला क्रमांक देऊन हाकले जात होते तेथे या एवढ्याशा गोष्टीचा अर्थ काय होता, हे आम्ही सांगावयास नको. १९४३ साली त्यांनी तेथेच मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले आणि बालचित्रांवर भाषणही केले. मुलांना लवकरात लवकर आपल्यासारखे करून टाकण्याची मोठ्यांना एवढी घाई का, असा त्या भाषणातील एक रोख होता.

मुलांनी काय काढले? मागे राहिलेले घर, जेवणाचे टेबल, फुले, फुलपाखरे. आणि तेथील तिमजली बाकेही. ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रीडलबाईंना ऑशविट्झला नेऊन मारण्यात आले. त्यांच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला तेच आले. जाण्यापूर्वी दोन पेट्यांत भरून ठेवलेली सुमारे साडेचार हजार चित्रे मात्र वाचली, आणि ती आज प्राग येथील ज्यू संग्रहालयात आहेत. नावे घातलेली होती म्हणून कोणते चित्र कोणाचे हे आज पुष्कळसे सांगता येते. कित्येक मुलांच्या बाबतीत त्यांच्या स्वतःच्या हातची तेवढीच एक खूण मागे उरली आहे.

या चित्रांनी त्या मुलांना वाचविले असे कोणी म्हणू नये. कलेच्या नावाने असले समाधान करून घेणे त्या मुलांचा अपमान होईल. परंतु एक गोष्ट तेथे निर्विवाद सिद्ध झाली. गुण, नोकरी, बक्षीस, भविष्य हे सारे काढून घेतल्यावरही मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेसे वाटते आणि पाहिलेले आपल्या हाताने मांडावेसे वाटते. त्याच्या शेजारी बसून 'आणखी नीट पाहा' म्हणणारे मोठे माणूस त्याला हवे असते. शिक्षकाचे काम त्या 'पाहा' या शब्दात आहे. काय काढायचे हे सांगणे त्यात येत नाही.

या वाटेसाठी आपल्याला युरोपात जाण्याचीही गरज नाही. आरंभी अक्षरे गिरवायला लावण्याऐवजी मुलाने आधी चित्र काढायला शिकावे आणि फूल, पक्षी पाहावेत तशीच अक्षरेही पाहून ओळखावीत, असा विचार गांधीजींनी आपल्या आत्मकथेत, स्वतःच्या वाईट अक्षराबद्दल बोलताना मांडला आहे. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून दीड तप सेवाग्रामच्या नई तालीममध्ये कलाशिक्षक होते. त्या अनुभवावर आधारलेला त्यांचा विचार १९९८ साली नॅशनल बुक ट्रस्टने इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तो प्रत्येक अध्यापक विद्यालयात असावा असे आम्हांला वाटते. आणि आपल्या पालघरच्या किनाऱ्यालगत, आधी बोर्डीला व मग कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरींचे महागडे साहित्य बाजूला ठेवून शिंपले, बिया, गारगोट्या आणि पाने मुलांच्या हाती दिली, ती याच दृष्टीने.

आपल्या दारी

यावर एक रास्त शंका निघेल. चाळीस मुलांचा वर्ग, एक शिक्षिका, रंगांना पैसा नाही, त्यात चित्रकला तिला स्वतःला येत नाही. हे सारे व्हावे कसे? आमच्या मते लहान मुलांच्या शिक्षिकेला चित्र काढता येत नसेल तर त्यात फारसे बिघडत नाही. फळ्यावर देखणा मोर काढणाऱ्या बाईंपेक्षा 'मोराचे पाय कसे असतात ग?' असे कुतूहलाने विचारणाऱ्या बाई मुलाच्या अधिक कामाच्या. कोळसा, गेरू, चुना, जुनी वर्तमानपत्रे यांना पैसा लागत नाही. शिकवायचे ते एवढेच : कुंचला धुवावा कसा, दोन रंग मिसळून तिसरा होतो कसा, विहिरीपाशी दहा मिनिटे गप्प उभे राहून पाहावे कसे. चित्रात स्वतःची पेन्सिल घालू नये. 'हे काय काढलंस?' या उलटतपासणीऐवजी 'याच्याविषयी सांग ना' म्हणावे. कागदाच्या मागे नाव आणि तारीख घालून चित्र जपून ठेवावे.

नऊ-दहाव्या वर्षी मूल स्वतःच तक्रार करू लागते, की 'माझा घोडा खरा दिसत नाही.' दूरचे लहान का दिसते, सावली कुठे पडते, हे सांगण्याची ती वेळ. आपण मात्र चौथ्या वर्षी नको असलेली दुरुस्ती करतो आणि दहाव्या वर्षी मागितलेली मदत देत नाही. बहुतेक माणसे त्याच सुमारास 'मला चित्रं येत नाहीत' असे म्हणून चित्र काढणे कायमचे सोडून देतात.

आपल्या संस्थांच्या आणि धर्मग्रामांच्या बालचित्रस्पर्धांचाही या दृष्टीने विचार व्हावा. मांडवाच्या कडेला उभ्या राहून खुणा करणाऱ्या आया आणि घरून पाठ करून आणलेले तेच ते चित्र ही दृश्ये आता परिचयाची झाली आहेत. तीन मुलांना करंडक देऊन सत्तावन्न मुलांना 'तुला येत नाही' हे सांगण्यापेक्षा साठही चित्रे दोरीवर टांगून गावाला ती पाहायला बोलवावे. धर्मशिक्षणाच्या वर्गातही मारियामातेच्या छापील आकृतीत निळा रंग भरून घेण्याने काय साधते? गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकले आणि त्यांनी मारियेला आपल्याकडच्या स्त्रियांचा चेहरा व साडी दिली, तेव्हा स्वकीयांचाच रोष त्यांना सोसावा लागला. गव्हाणीचा गोठा मुलांना आपल्या मनाने काढू दिला, तर त्यात एखादी वसईची म्हैस येईल. ती येऊ द्यावी.

चित्र काढणारी सगळी मुले चित्रकार होणार नाहीत, आणि तशी गरजही नाही. परंतु जग आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, मग त्याविषयी बोलावे, ही सवय ज्याला लहानपणी लागली, तो पुढे शेतकरी होवो वा परिचारिका, वकील होवो वा धर्मगुरू, ती त्याच्या उपयोगी पडते. आजच्या मुलाच्या डोळ्यांपुढे हातातल्या पडद्यावरून दिवसभर दुसऱ्यांनी काढलेली चित्रे सरकत असतात, आणि सांगेल ते चित्र क्षणात काढून देणारी यंत्रेही आली आहेत. अशा वेळी त्याची स्वतःची वाकडीतिकडी रेघ कधी नव्हती इतकी मोलाची झाली आहे. पालकांनी आणि शिक्षकांनी तिला हात लावू नये, आणि तिच्याकडे पाहायला मात्र वेळ काढावा, एवढीच आमची विनंती आहे.